हुसेनबींची किटली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय वीरधवलराव, प्रमुख पाहुणे आणि आपल्या घरोघरी येणाऱ्या दैनिकाचे संपादक ऋषिराजसाहेब, आपल्या वाचक मंडळाचे चिटणीस सयाजी गुरुजी, सत्कारमूर्ती चांदबी मॅडम, आणि विश्रामबागेच्या या सभागृहात फोन खिशात ठेवून बसलेल्या, आणि न ठेवताही बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी भाऊसो कोळेकर, मुक्काम कवठे महांकाळ. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मला भाषणाची सवय नाही, हुकूम द्यायची आहे. निरोपाच्या कार्यक्रमात गोड बोला, असं गुरुजींनी बजावलं होतं, आणि सकाळी घरातनं निघताना माझी तयारीही गोडच होती. पण मघाशी मानपत्राचं वाचन झालं आणि माझं डोकं फिरलं.

चांदबी मॅडम आपला ब्लॉग बंद करताहेत, म्हणून आपण जमलोय. बदली झाली, निवृत्ती झाली की निरोप देतात. लिहिणं थांबवलं म्हणून शाल-श्रीफळ देणारे बहुधा आपणच पहिले. पण त्या का थांबताहेत, हे मघापासून एका तरी वक्त्यानं विचारलं का? सगळ्यांनी 'वैयक्तिक कारण' म्हटलं आणि खाली बसले.

मग मी सांगतो. मॅडमचं बालपण कोयनानगरच्या धरण वसाहतीत गेलं. वडील वीजगृहात कामाला. एकदा जमीन हादरली आणि सगळी चाळ मैदानात पळाली. बायका रडताहेत, पोरं आयांना चिकटलेली. मॅडमच्या अम्मी, हुसेनबी, स्टोव्ह आणि किटली घेऊनच बाहेर आल्या आणि मैदानातच चहा टाकला. वाटता वाटता पुन्हा जमीन हलली, तशी बाई जमिनीवरच खेकसल्या, "ठैर गे जरा! लोगां चा पीरे, दिकता नै?" अख्खी चाळ रडता रडता हसायला लागली.

अम्मी वारल्या त्या वर्षी मॅडमनी हे ब्लॉगवर लिहिलं. मी तेव्हा पोस्टिंगवर होतो. तिथं वाचलं आणि खाली लिहिलं, "लय भारी, ताई." त्यांचं उत्तर आलं. तेव्हा तसंच असायचं. आपण लिहिणाऱ्याच्या दारात जायचो, दोन शब्द बोलून यायचो. आता लिहिलेलं चालत आपल्या फोनवर येतं, आणि लिहिणाऱ्याला वाटेतच उतरवून देतात.

तसंच झालं. गोष्ट या ग्रुपवरून त्या ग्रुपवर निघाली. आधी मॅडमचं नाव गेलं. मग हुसेनबी गेल्या. अम्मीची 'आई' झाली, कोयनानगरचं 'एक गाव' झालं, आणि कुणा शहाण्यानं तिला जवानाची आई करून टाकलं. का? तर जास्त जण पुढं पाठवतील म्हणून! आणि ही आई जमिनीला काय म्हणते? "हे भूमाते, क्षणभर थांब." आरं, हातात उकळती किटली धरलेली कुठली बाई असं बोलंल? मी फौजी आहे. जवानाच्या आईचा मान मला कुणी शिकवू नये. पण हुसेनबींना मोठं व्हायला माझी वर्दी लागत न्हवती. त्यांचं नाव तुम्हाला अडचणीचं वाटलं, असं सरळ म्हणा की!

ऋषिराजसाहेब, घड्याळ बघू नका, पुढचं तुमचंच आहे. तुमच्या पुरवणीत ही जवानाची आई चित्रासकट छापून आली. खाली काय? 'सौजन्य : समाजमाध्यम'. हे समाजमाध्यम कुठल्या गल्लीत राहतं हो? पूर्वी तुमचा बातमीदार एसटीनं आमच्या तालुक्याला यायचा, चार जणांना विचारायचा, मग छापायचा. फोन उघडून छापायचं असेल, तर फोन आमच्याकडंही आहे. मॅडम तुमच्या कार्यालयात आल्या, तर त्यांना ऐकवलं, "व्हायरल झालं म्हणजे ते आता सगळ्यांचंच, मॅडम. तुम्हाला तर अभिमान वाटायला पाहिजे."

मॅडमनी मूळ लेख फेसबुकवर टाकला. त्याखाली आपल्याच सांगलीचा कुणीतरी लिहितो, "फौजीच्या आईची गोष्ट तरी ढापू नका." आणि त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची ही रांग! त्या दिवशी मॅडमचा मला फोन आला. म्हणाल्या, "भाऊसो, माझी अम्मी मीच चोरली म्हणतात. आता कुणासाठी लिहू?" हे आहे तुमचं वैयक्तिक कारण.

आणि आज मानपत्रात काय ऐकलं? "धरणी हादरली तरी जिच्या हातची किटली हलली नाही, त्या जवानाच्या मातेप्रमाणे मॅडम अविचल राहिल्या." गुरुजी, मानपत्राला दोन वजनदार ओळी लागतात, आणि त्या ग्रुपवरून उचलायची आपल्याकडं पद्धतच पडलीय. तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. पण लेकीचा सत्कार करताना तिच्याच तोंडावर तिची आई दुसऱ्याची करून वाचलीत की हो! सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मॅडम तेवढ्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

काय म्हणालात, मॅडम? "बसा आता भाऊसो, जाऊ द्या"? न्हाई, ताई. जाऊ द्या, जाऊ द्या करतच इथवर आलंय.

तुम्ही ब्लॉग चालू ठेवा, असं मी म्हणणार नाही. कुठल्या तोंडानं म्हणू? पण गुरुजी, ती मानपत्राची फ्रेम आज त्यांच्या हातात द्यायची नाही. माघारी न्या, ओळ दुरुस्त करा, मग त्यांच्या घरी जाऊन द्या. आणि ऋषिराजसाहेब, आजची बातमी उद्या येणारच, तुमचा फोटो आहे म्हटल्यावर! फोटो गाळला तरी चालेल, दुरुस्ती छापा.

मंडळानं मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, सगळ्यांचा मी मनापासून आभारी आहे. मघापासून मागच्या रांगेत कुणीतरी हे रेकॉर्ड करतंय. करा. पाठवा सगळ्या ग्रुपवर. माझं गाव कापा, माझी वर्दी तर आधी कापा. एवढं एक कापू नका : हुसेनबी मुजावर, कोयनानगर. आणि रागाच्या भरात माझ्या तोंडून काही वावगं गेलं असेल, तर ती चूक भाऊसो कोळेकरच्या नावावर घाला आणि पदरात घ्या. तेवढं तरी ज्याचं त्याच्या नावावर राहू द्या.