ताशी सव्वादोन किलोमीटर

मिस्त्री: आजी, बॉनेटवरचा हात काढा. काम करू द्या मला.

आजी: काढते. पण तू साफ करू नकोस.

मिस्त्री: अहो, तुमचा मुलगा सकाळी गाडी इथे सोडून गेला. म्हणाला, इंजिनातली काजळी काढून ठेव, पाचला गिऱ्हाईक बघायला येतंय. आणि तुम्ही त्याच्यामागून एवढं चालत आलात, ते मला हे सांगायला?

आजी: पोरगा माझा आहे. गाडी विकायची अक्कल त्याची. तू काजळी आहे तिथे राहू दे, आणि जमलं तर वरून मूठभर टाक. गिऱ्हाइकाने किल्ली फिरवली की गाडीने दोन आचके द्यायचे आणि मग त्याच्या पांढऱ्या शर्टावर काळा धूर सोडायचा.

मिस्त्री: तेवढं ती न सांगता करते. सिग्नलला उभी राहिली की थरथरते आणि बंद पडते. म्हणून तर इथे आलीय.

आजी: हे बघ, मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय. माझ्या आत्याची मोटार अशीच एकाने आतून बाहेरून साफ केली. इतकी हलकी झाली, इतकी हलकी झाली, की पहिल्याच वळणावर रस्ता वळला आणि मोटार सरळ वर गेली. आत्याला तिसऱ्या दिवशी झाडावरून उतरवलं.

मिस्त्री: आणि मोटार?

आजी: ती वरच आहे अजून. डिकीत घारीने अंडी घातलीत.

मिस्त्री: बरं. आता इकडे या. ही कॅमेऱ्याची नळी आत सोडलीय, स्क्रीनवर काय दिसतंय?

आजी: जळका तवा.

मिस्त्री: वॉल्व आहे तो. इंजिन इथून श्वास घेतं. ह्या इंजिनात पेट्रोल वॉल्ववरून जात नाही, थेट आत फवारलं जातं. म्हणजे वॉल्व धुतलाच जात नाही कधी. तेलाची वाफ येते, बसते, करपते. थरावर थर. इंजेक्टरही बुजलेत, ते त्या मशीनमध्ये सोडलेत बघा, थरथरून साफ होतायत. वॉल्वचं काम मात्र वेगळं. त्यावर अक्रोडाच्या टरफलांचा भुसा हवेच्या जोराने मारावा लागतो.

आजी: कशाच्या?

मिस्त्री: अक्रोडाच्या. काजळी निघते आणि लोखंडाला ओरखडा पडत नाही.

आजी: मेल्या, साठ वर्षं थापा मारतेय मी. एवढी मोठी कधी सुचली नाही.

मिस्त्री: ही काय पिशवी. हात घालून बघा.

आजी: अरे, खरंच की. ही थाप मी घेतली हां. सांगताना बदामाची करीन, जरा भारी वाटेल.

मिस्त्री: खुशाल घ्या. पण त्याबदल्यात एक खरं सांगा. दोन वर्षांच्या गाडीत एवढी काजळी येत नाही. ही गाडी चालवतं कोण?

आजी: मी. परवाच चोराचा पाठलाग केला. रिव्हर्समध्ये. चोर दमून स्वतःच चौकीवर गेला.

मिस्त्री: तुमचं लायसन्स मुलाने कपाटात कुलूप लावून ठेवलंय. सकाळी हसत सांगत होता.

आजी: हसत होता काय.

मिस्त्री: आणि हा स्कॅनर. गाडीच्या पोटातलं सगळं सांगतो. मागच्या सर्व्हिसिंगला चौदा महिने झाले. तेवढ्यात गाडी चालली दोन हजार किलोमीटर. आणि इंजिन चालू होतं नऊशे तास.

आजी: मग?

मिस्त्री: मग ताशी सव्वादोन किलोमीटर. रांगणारं मूल पुढे जाईल हिच्या. आजी, ही गाडी जागेवर उभी राहून धडधडत असते. त्यानेच गुदमरलीय ती. कोण बसतं हिच्यात?

आजी: तुला काय करायचंय?

मिस्त्री: मला काही नाही. मुलाला विचारतो पाच वाजता.

आजी: नको. मी बसते. दुपारी तासभर. त्याला बोललास तर ह्याच भुशात पुरीन तुला.

मिस्त्री: बंद गॅरेजमध्ये नाही ना? जीव जाईल.

आजी: एवढी खुळी नाही मी. इमारतीमागे उघड्यावर. काच चार बोटं खाली. एसी लावते, चपला काढते आणि बोलते.

मिस्त्री: कुणाशी?

आजी: स्टिअरिंगशी. त्याच्याइतकं शहाणं कुणी नाही घरात. मी गोष्ट सुरू केली की पोराला फोन येतो. सुनेचं दूध उतू जातं, गॅसवर दूध नसलं तरी. गाडीत कुणी उठून जात नाही. ती एकच जागा राहिलीय रे मला, आणि ती हा पाच वाजता कुणा टकल्याला देणार.

मिस्त्री: गिऱ्हाईक टकलं आहे?

आजी: मी ठरवलंय तसं.

मिस्त्री: रोज एक तास धरला तरी चौदा महिन्यांचे होतात सव्वाचारशे. रस्त्यावर चालली त्याचे शंभर धरा. उरलेले पावणेचारशे तास कुणाचे?

आजी: आता त्यात मला कशाला ओढतोस? तुझ्या स्कॅनरला चढली असेल.

सून: मिस्त्री, गाडी झाली का? ह्यांनी न्यायला पाठवलंय. आई? तुम्ही इथे काय करताय? दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणालात ना.

आजी: डॉक्टरच आहे हा. अक्रोड लावतो दाढेला.

मिस्त्री: या वहिनी. गाडी अर्धी झालीय. एक विचारू? अधूनमधून कुणी बसतं का हिच्यात? इंजिन चालू ठेवून?

सून: कोण बसणार? ह्यांना बसायला वेळ कुठे आहे.

मिस्त्री: मी त्यांचं नाव नाही घेतलं.



आजी: अगं, बोल की. तोंडात वॉल्व अडकला का?

सून: आई, ड्रायव्हरची सीट रोज मागे कोण सरकवतं? मला वाटायचं, हे सरकवतात.

आजी: आणि रोज पुढे कोण ओढतं? गुडघे डॅशबोर्डला लागतात माझे. मी पोराला शिव्या घालत होते वर्षभर.

सून: तुम्ही बसता? गाडीत?

आजी: आधी तू सांग. सकाळी भाजी आणायला जातेस म्हणून जायचीस आणि तासाने दोन टोमॅटो घेऊन यायचीस. मी म्हणायचे, टोमॅटो पिकायची वाट बघते की काय ही.

सून: बसायचे. फोन बंद करून. घरात सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असतं. गाडीला फक्त पेट्रोल.

मिस्त्री: आणि करायचात काय तासभर?

सून: ते नाही सांगणार.

आजी: रडायचीस?

सून: रडू कशाला? नक्कल करायचे. तुमची.

आजी: माझी? कुणापुढे?

सून: आरशापुढे. चष्मा नाकावर ओढून. "मी तेवीस वर्षांची होते, आणि ट्रकला ब्रेक नव्हता" वगैरे.

(मिस्त्री पाना शोधायला म्हणून गाडीखाली जातो. तिथून बराच वेळ बाहेर येत नाही.)

आजी: चांगली जमते का?

सून: हातवाऱ्यांची जमते. आवाज अजून नाही.

आजी: आवाज घशातून काढू नकोस, नाकातून काढ. मिस्त्री, हसून झालं असेल तर वर ये. गाडी विकली तर आम्ही दोघी कुठे बसायचं?

मिस्त्री: विकली काय आणि ठेवली काय, अशी उभ्या उभ्या जाळलीत तर वर्षात पुन्हा इथेच येईल. हिला मोठा रस्ता लागतो. आठवड्यातून एकदा तासभर, इंजिन चांगलं तापेपर्यंत, गिअर जरा खालचा ठेवून पळवायची. मग काजळी धरायची नाही एवढी. आणि उभी असताना इंजिन बंद.

सून: म्हणजे बसणं बंद.

मिस्त्री: चालत्या गाडीत बसा ना. कोण नको म्हणतंय?

सून: मिस्त्री, तुमचा फोन द्या जरा, ह्यांना लावते. हॅलो. त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगा. नाही, बिघडलेली नाही, झकास होतेय. हो, कुणी वापरत नाही असं तुम्हाला वाटतं. आम्ही वापरतो. आम्ही म्हणजे मी आणि आई. कुठे जायला ते घरी आल्यावर सांगते. आणि येताना कपाटाची किल्ली आणा. हो, त्याच.

आजी: काय म्हणाला?

सून: विचारत होते, तुम्ही दोघी एका गाडीत? मग म्हणाले, बरं. घाबरून म्हणाले.

आजी: मग मिस्त्री, मार तुझा अक्रोड. एक दाणा मागे ठेवू नकोस. अगं, पण तुला चालेल का ते आधी सांग. तास मोठा असतो. गप्प बसा म्हणालीस तर बसेन. खिडकीतून बघत राहीन.

सून: गप्प कशाला? ब्रेक नसलेल्या ट्रकचं पुढे काय झालं, ते मला अजून माहीत नाही. नक्कल तिथेच अडते माझी.