पन्नास घरांचं पाणी

काकासाहेब : म्हनून म्हनतो, सूनबाई, पाण्याची बोंब उगीच हाय. काल चावडीवर सगळ्यांम्होरं मांडून दावलं. दर घरी सरासरी साडेपाच हंडे.

पुष्पावती : साडेपाच कसे आले, मामा?

काकासाहेब : घरोघर हिंडलो म्या. कोनी दिसाला दोन हंडे आनतं, कोनी चार, कोनी सा, कोनी धा. बेरीज बावीस, भागिले चार. चौथी शिकलोय, म्हनलं.

पुष्पावती : आणि मळेवाल्या आप्पासाहेबांच्या विहिरीचं काय ठरलं?

काकासाहेब : त्यांचा शबुद हुता, सरासरी चाराच्या खाली आली तर मळ्यातली हीर गावाला मोकळी. आता त्यांना तरास कशाला द्यायचा? आज सांजच्याला चावडीवर त्येच कायम करू. तुजं सांग, अभ्यास कुटवर आला? अकरावीचा फारम म्या नगरला जाऊन भरलाय, बसू नको नुसती.

पुष्पावती : सरासरीचाच धडा चाललाय. मामा, तो कागद जरा बघू?

काकासाहेब : घे की.

पुष्पावती : दोन हंडे आणणारी घरं किती?

काकासाहेब : बत्तीस. समदी खडी फोडाय जात्यात. सांजच्याला येस्तवर गावच्या हिरीचा तळ दिसतो.

पुष्पावती : चार आणणारी?

काकासाहेब : धा. सा आननारी सा. धा आननारी दोनच, येक पाटलाचं आन् येक आपलं.

पुष्पावती : मग मामा… एखादा आकडा किती वेळा आला, त्याला पुस्तकात वारंवारता म्हणतात. दोनचा आकडा बत्तीस वेळा आलाय. तो बत्तीस वेळा धरायला लागतो.

काकासाहेब : म्या येकदाच धरला.

पुष्पावती : बत्तीस घरांचं एकच घर झालं, मामा. आणि आपलं नि पाटलांचं मिळून एक.

काकासाहेब : …कर तू. मोठ्यानं कर.

पुष्पावती : बत्तीस दुणे चौसष्ट. दहा चोक चाळीस. सहा सक छत्तीस. दहा दुणे वीस. झाले एकशेसाठ हंडे. घरं पन्नास. दर घरी तीन हंडे आणि वर तीन-चार तांबे.

काकासाहेब : चाराच्या खाली.

पुष्पावती : हो.

काकासाहेब : काल खडी फोडनारी गोजरबाई मागनं म्हनली, 'काकासायेब, साडेपाच हंडे ठिवाय माज्या घरात भांडीबी न्हाईत.' लोकं हासली. मीबी हासलो.

पुष्पावती : रागावलात का? मी सांगायला नको होतं.

काकासाहेब : मंग फारम कशापायी भरला? पागुटं दे माजं. आन् त्यो कागद नीट लिवून दे, मला वाचता यील आसा.

(दिवेलागणीला काकासाहेब चावडीवरून परततात.)

पुष्पावती : काय झालं, मामा?

काकासाहेब : हुबा ऱ्हाऊन सांगितलं, माजा हिशेब चुकला. पाटील म्हनले, चूक कोनी काडली? म्हनलं, माज्या सुनंनं. आप्पासायबांनी कागद दोनदा वाचला. सोमवारपासनं त्यांची हीर मोकळी.

पुष्पावती : आणि गोजरबाई?

काकासाहेब : तिच्याम्होरं हात जोडले. तिनं चंची काडून पान दिलं.

पुष्पावती : हातपाय धुवा, भाकरी वाढते.

काकासाहेब : थांब. सोमवारपातुर आपन धा न्हाई, सा हंडे आनायचे. ऱ्हायलेल्या चारातले दोन गोजरबाईला, दोन तिच्या शेजारच्या बन्सीच्या घरी.

पुष्पावती : चालेल. पण मामा, त्यानं सरासरी बदलत नाही. एकशेसाठ ते एकशेसाठच.

काकासाहेब : ऱ्हाऊ दे तुज्या पुस्तकात तेवढीच. हंडे मी सोता पोचवतो.