समेवरचा फोटो

इंदिरानगरच्या त्या कथक क्लासच्या कार्यक्रमात माझी पार गाळण उडाली होती. कथकचा फोटो समेवरच काढायचा असतो. चकरा घेणारी मुलगी तबल्याच्या शेवटच्या थापेला जागच्या जागी थांबते, नेमका तेव्हा.

मी थापेवरच बटण दाबलं. स्क्रीनवर बघतो तर मुलीच्या तोंडावर तिचीच वेणी, आणि ती अजून फिरतेच आहे.

कार्यक्रम संपल्यावर क्लासच्या बाईंनी कॅमेरा मागितला. म्हटलं, "बाई, माझा हात चुकला बहुतेक."

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "तबलजीचा हात बघ, डग्ग्यावर टेकलाय. तू बरोबर समेवर आहेस. हीच उशिरा आली."

माझ्या जिवात जीव आला. "मग डिलीट करू?"

"थांब रे. आत ती मघापासून तबलजीशी भांडतेय. आधी तिला दाखवून येते."