रडायला लागली की थांबायचं

हॅलो?… हां ताई, बोल.

बंद पडली? अगं, बंद पडेपर्यंत चालवलीच कशी? दारात उभं राहून सांगून गेलो होतो मी. रडायला लागली की लगेच थांबायचं…

कोण नाही रडली?

छकुली? अगं, छकुली कशाला रडेल, गाडीचा रिमोट तिच्या हातात होता. रडूबाई म्हणजे बॅटरीला खोचलेली ती चिमुकली पट्टी. बॅटरी उतरली की टीं-टीं करते ती… हो, हो… अगं ऐक ना. जुनी गाडी आहे, आपोआप थांबत नाही. म्हणून तर लावली होती…

काढून टाकलीस? का?… खालच्या काकू झोपल्या होत्या. वा. ती बिचारी बोंबलतेय आणि तू तिचंच तोंड बंद केलंस…

नाही, मोबाईलसारखं नसतं. मोबाईल आपला आपण बंद होतो. ही लिपो बॅटरी शेवटपर्यंत करंट देत बसते आणि आतून मरते. रविवारी रेस आहे माझी… शाळेचं, अभ्यासाचं काढू नकोस आता मध्येच…

थांब. भाऊजी काय करतायत?

माझा चार्जर एरर दाखवतो म्हणून दुसरा? कुठला?… खेळण्यातल्या रेल्वेचा. वायरी पिळून. अगं, तो चार्जर नाही म्हणतोय तो काय रुसलाय म्हणून?… ताई, बॅटरी कुठेय आत्ता?… सोफ्यावर. आणि छकुली?

आधी तिला उचल. रेस गेली खड्ड्यात, तू तिला उचल… उचललीस? आता भाऊजींना सांग, भिंतीवरचं बटण बंद… फुगलीय? थोडी म्हणजे किती?… उशीसारखी. दाबून बघू नका म्हणावं. टोचायची तर अजिबात नाही, भडकन पेटेल. मोठ्या पातेल्यात घालून गॅलरीत, उघड्या फरशीवर… कपडे वाळत असतील तर काढा… पातेलं नवीन आहे? ताई, डोकं फिरवू नकोस माझं…

ठेवली? दार लावलं?… कुणी जवळ जायचं नाही. मी येतोय, तोवर भाऊजींना खुर्चीवरून उठू देऊ नकोस.

मागे कोण रडतंय?

टीं-टीं की छकुली?… नक्की?… गाडी हातातून घेतली म्हणून.

मग रडू दे. हिला तरी गप्प करू नकोस. ठेव आता.