वाफ पाहून वळलेली गाडी

अगं, दवाखान्यातल्या वाफेच्या यंत्राला लोक किती घाबरायचे, सांगते. कोहमारा गावाकडच्या एका दवाखान्यात मी तेव्हा नर्स होते. अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र नवंच आलं होतं. शेवंता नावाच्या एका पोरीला सासरच्यांनी बाळंतपणासाठी बैलगाडीतून आणलं, आणि नेमकी तेव्हाच यंत्रातून वाफ जोरात सुटली.

तिची सासू ओरडली, "बाई, हे काऊन फुसफुसून राहिलं?"

"कात्री-चिमटे वाफवतोय, मावशी. बाळाला काही होऊ नये म्हणून."

"अन् फुटलं त? सुनेले घरीच घेऊन चला!"

मी बैलांसमोर उभी राहिले, तरी गाडी वळलीच. घरी विळ्यानं नाळ कापली. काही दिवसांत बाळ धनुर्वातानं गेलं.

पुढं शेवंता एकटीच मला भेटायला आली. म्हणाली, "मी त गाडीतून उतराले निघाली होती, बाई. मले कोणी इचारलंच नाही."