जर्मन गोलकीपरचा नारळ

आमच्या सौंसरच्या नामदेवमामाचं तुमाले सांगतलं का कधी? भाषेवरून राज्यांची वाटणी झाली त्या छप्पन सालची गोष्ट. मामा महायुद्धात इटलीले जाऊन जर्मनांशी लढून आलेले. मी मास्तर, म्हणून पेपर त्याईले मीच वाचून दाखवत होतो.

एक दिवस वाचलं, "विलायतेत फुटबॉलच्या फायनलमंदी गोलकीपरची मान मोडली, तरी गडी शेवटपर्यंत खेळला. गडी जर्मन आहे."

"इंग्रजाईच्या विरुद्ध खेळला?"

"नाही मामा, त्याईच्याकडून. लढाईत इंग्रजाईचा कैदी होता, मंग तिथंच राहिला."

"अन् जिंकलं कोन?"

"इंग्रज."

"म्हंजे जर्मन हारला?"

"तोही जिंकला."

"मंग मी तिकडं कोनाशी लढून राहिलो होतो रे?"

त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. सकाळीच मले घेऊन जामसांवलीच्या मारुतीले निघाले, त्या मानेसाठी नारळ फोडाले.

पुजाऱ्यानं विचारलं, "कोनाच्या नावानं?"

"नाव नाही येत. जर्मन आहे, इंग्रजाईचा."

पुजारी गोंधळला. "म्हंजे नेमका कोनाचा?"

"तेच तं समजून नाही राहिलं, महाराज," मामा म्हणाले. "पन मान मोडली आहे. फोडा तुमी."