साळूबाईंची कंबर

भिंगारच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर पाथर्डीकडच्या दोन वृद्धा आपला क्रमांक येण्याची वाट पाहत होत्या; एकीची सून लांब केसपेपरच्या रांगेत उभी होती.

"साळूबाई, कंबर काय म्हनती?"

"राहिली दुखायची. डाक्टरनं शिकवल्यावानी निजून सावकाश श्वास घेते, ध्यान कमरंपाशी ठिवते, गुडघं हळू हलवते."

"मग सुनंपुढं कन्हत कशाला हुतीस?"

"माज्यापायीच ती ऊसतोडीला गेली न्हाई. बरी झाले म्हनले, तर उद्याच जाईल. मग घरात मी आन् चार भिंती."

"आन् तुजा पोरगा? बायकूबिगर एकटाच तोडतोय, एकटाच मोळ्या बांधतोय."

तेवढ्यात साळूबाईंचा क्रमांक पुकारला गेला. त्या आत गेल्यावर डॉक्टरांचा प्रश्न बाहेर स्पष्ट ऐकू आला.

"आजी, अजून दुखतंय?"

"न्हाई. सून भाईर हाय. तेवढं तुमीच तिला सांगा."